पान्याचा नंबर वेगळा, बोल्टचा नंबर वेगळा

नट-बोल्टच्या दुकानात काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की हा संवाद हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "बारा नंबरचा बोल्ट द्या." दुकानदार विचारतो, "बोल्ट बारा की पाना बारा?" गिऱ्हाईक गप्प. गाडी घरी बॉनेट उघडं टाकून उभी असते, हाताला काळं लागलेलं असतं, आणि जो बोल्ट तुटला किंवा कुठे तरी खाली पडून हरवला त्याला बाराचा पाना बसत होता, एवढीच माहिती जवळ असते.

दुकानदाराचा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याला बाराचा पाना बसतो तो बोल्ट बहुतेक वेळा ८ मिलिमीटरचा असतो. आणि खरोखर १२ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर त्याला १७, १८ किंवा १९ चा पाना लागतो. गॅरेजमध्ये पान्याच्या नंबराने बोलायची सवय असते आणि तिथे ती चालते, कारण मेकॅनिकला त्या क्षणी पानाच हवा असतो. "अरे, चौदाची गोटी दे" (गोटी म्हणजे डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना) असं म्हटल्यावर काम पुढे सरकतं. पण नवा बोल्ट विकत घ्यायला निघालो की हीच सवय फसवते.

हे मी एका दुपारी भारी किंमत देऊन शिकलो. गाडी जपानी घडणीची, लहान, जुनी. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, त्याच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट गेला होता. जुना बोल्ट हातात नव्हता, शेजारचा तसाच बोल्ट मात्र जागेवर होता. तो न काढता मी बाहेरूनच जाडीचा अंदाज घेतला आणि १० मिलिमीटरचा बोल्ट आणला. तो हाताने तीन फेरे छान फिरला, मग अडला. मला वाटलं, भोकात गंज असेल, माती असेल. पाना लावला. थोडा जोर, अजून थोडा जोर, आणि मग बोल्ट अचानक मऊ फिरायला लागला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये ॲल्युमिनियमची चंदेरी तार गुंडाळलेली होती. ते इंजिनाचे आटे होते. बोल्टची जाडी बरोबर होती, आट्यांमधलं अंतर चुकलं होतं. हा लेख त्या तारेपायी लिहितो आहे, कारण ही चूक टाळायला शाळेतली एक पट्टी पुरली असती.

डोकं काय सांगतं आणि काय सांगत नाही

मेट्रिक बोल्टचं नाव 'एम' ने सुरू होतं. एम ८ म्हणजे ज्याच्या आट्यांवरून मोजलेली बाहेरची जाडी ८ मिलिमीटर आहे असा बोल्ट. पाना जिथे बसतो ते डोकं म्हणजे वेगळंच माप, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. या दोन मापांची जोडी कशी लावायची हे त्या त्या देशाच्या मानकाने ठरवलं, आणि सगळ्यांनी एकसारखं ठरवलं नाही.

एम ६ चं डोकं बहुतेक ठिकाणी १० चं असतं, तिथे भांडण नाही. एम ८ ला जर्मन आणि आंतरराष्ट्रीय मानकात १३ चं डोकं, जपानी गाड्यांत १२ चं. एम १० ला जुन्या जर्मन मानकात १७, आंतरराष्ट्रीय मानकात १६, आणि जपानी गाड्यांत १४. एम १२ ला याच क्रमाने १९, १८ आणि १७. म्हणजे १७ चा पाना बसला, तर बोल्ट जुन्या जर्मन पद्धतीचा एम १० असू शकतो किंवा जपानी पद्धतीचा एम १२. त्यातून डोक्याखाली बशीसारखी कड असलेले फ्लँजचे बोल्ट आले, त्यांच्यात वजन आणि जागा वाचवायला डोकं आणखी लहान करतात. एम ६ ला ८ चं डोकंही दिसतं.

आपल्याकडे रस्त्यावर सुझुकी, होंडा, टोयोटा या जपानी वंशाच्या गाड्या भरपूर, त्यामुळे गॅरेजमध्ये १०, १२, १४, १७ हे पाने सगळ्यात जास्त झिजलेले असतात. साध्या हार्डवेअरच्या दुकानात मात्र १३ आणि १७ च्या डोक्याचा माल जास्त असतो. म्हणून एम ८ चा नवा बोल्ट आणला की तो बसतो बरोबर, पण पाना १२ ऐवजी १३ चा लागतो. जागा मोकळी असेल तर काही बिघडत नाही. डोकं एखाद्या खाचेत किंवा कडेला घासून बसणार असेल तर तो एक मिलिमीटरही नडतो, गोटी आत शिरतच नाही.

जाडी मोजताना

व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, असेल तर आट्यांवरून मोजा. आकडा नेमका ८.०० येणार नाही. बोल्ट भोकात फिरावा म्हणून तो मुद्दाम किंचित बारीक केलेला असतो; एम ८ चा बोल्ट ७.८ ते ७.९५ च्या आसपास भरतो, एम ६ चा ५.८ ते ५.९५. तेव्हा ७.८५ दिसलं की तो ८ समजायचा, ७.८५ चा बोल्ट शोधत फिरायचं नाही. इंजिनावर नेहमी भेटणाऱ्या जाड्या म्हणजे ६, ८, १० आणि १२. काही युरोपीय इंजिनांत ७ मिलिमीटरचाही बोल्ट असतो, त्याला ११ चा पाना लागतो. तो दिसला की साध्या दुकानाचा नाद सोडून सरळ गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात जावं.

जुना बोल्ट मोजताना एक काळजी घ्या. जो बोल्ट तुटला तो बहुतेक वेळा तुटण्याआधी ताणला गेलेला असतो. तुटल्या जागेजवळ तो बारीक होतो आणि तिथल्या आट्यांमधलं अंतरही वाढतं. तिथे माप घेतलं तर दोन्ही आकडे खोटे निघतील. टोकाकडचे, ताण न आलेले आटे मोजा.

पिच: इथेच घात होतो

आट्यांमधलं अंतर, म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या आट्याच्या माथ्यापर्यंत किती, त्याला पिच म्हणतात. बोल्ट एक पूर्ण फेरा फिरला की नेमका तेवढाच आत जातो. एम ८ चं साधं पिच १.२५ मिलिमीटर. एम ६ चं १, एम १० चं १.५, एम १२ चं १.७५. हे झालं 'कोर्स', म्हणजे मोठ्या आट्याचं. याच जाड्यांमध्ये 'फाइन', बारीक आट्याचेही बोल्ट असतात: एम ८ मध्ये १, एम १० मध्ये १.२५ आणि १, एम १२ मध्ये १.५ आणि १.२५.

आता घात कसा होतो बघा. हार्डवेअरच्या दुकानात एम १० मागितला आणि काही बोललं नाही, तर दीडच्या पिचचा मिळतो. जपानी गाड्यांच्या इंजिनावर एम १० बहुतेक सव्वाच्या पिचचा असतो, आणि एम १२ सुद्धा सव्वाचा. एम ६ आणि एम ८ मध्ये हा फरक सहसा पडत नाही, कारण दोन्हीकडे तेच पिच वापरतात. त्यामुळे होतं असं की माणूस एम ६ आणि एम ८ चे बोल्ट चार वेळा बिनधास्त बदलतो, काही होत नाही, भरवसा बसतो, आणि पाचव्या वेळी एम १० ला गाठ पडते.

दीड आणि सव्वा यांत फक्त पाव मिलिमीटरचा फरक. पहिल्या आट्याला तो जाणवत नाही, दुसऱ्याला आट्यांमधल्या सैलपणात खपून जातो. चौथ्या आट्यापर्यंत मात्र तो साठून एक मिलिमीटर होतो. बोल्टचा आटा जिथे जाऊ पाहतो तिथे भोकाची खाच नसते, भोकाचा धातू असतो. म्हणून चुकीच्या पिचचा बोल्ट दोन-तीन फेरे गोड बोलतो आणि मग अडतो. अडला की तो काय सांगतो आहे ते ऐकायचं. पान्याचा दांडा हाताची ताकद कितीतरी पटींनी वाढवतो, आणि पोलादी बोल्टपुढे ॲल्युमिनियमचे आटे टिकत नाहीत.

पिच मोजायला पिच गेज मिळतो: पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्याला करवतीसारखे दाते आणि वर आकडा. जे पातं आट्यांत उजेड न दिसता बसेल ते आपलं. गेज नसेल तर शाळेतली पट्टी घ्या. एका माथ्यावर शून्य ठेवा आणि पुढची दहा अंतरं मोजा. लक्षात घ्या, दहा अंतरं म्हणजे अकरा माथे. साडेबारा मिलिमीटर भरले तर पिच सव्वा, पंधरा भरले तर दीड, दहा भरले तर एक. एकेक आटा मोजायला गेलात तर डोळ्याला कळणार नाही. बोल्ट आखूड असेल तर पाच अंतरं मोजून दुप्पट करा.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे जुना आणि नवा बोल्ट उलटसुलट धरून आट्याला आटा भिडवायचा आणि दिव्याकडे बघायचं. पिच एकच असेल तर दोघांचे दाते एकमेकांत पूर्ण लांबीभर बसतात, मधून प्रकाशाची रेघ येत नाही. वेगळं असेल तर एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाला एकमेकांवर चढतात. दुकानात उभ्या उभ्या हे होतं, काही हत्यार लागत नाही. जुना बोल्ट खिशात घेऊन जाण्याचं खरं कारण हे आहे.

सूत आणि मिलिमीटर

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, पण पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर आजही 'अडीच सूत', 'तीन सूत' ऐकू येतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी. अडीच सूत म्हणजे इंचाचे सोळा भाग केले तर त्यांतले पाच, मिलिमीटरमध्ये ७.९४. आता व्हर्नियर आठवा. एम ८ चा बोल्ट ७.८ ते ७.९५ भरतो. अडीच सुती बोल्टही तिथेच कुठे तरी भरतो. म्हणजे या दोघांना जाडीवरून वेगळं ओळखताच येत नाही.

ओळखायचं पिचवरून. अडीच सुतीच्या अमेरिकन मोठ्या आट्यात इंचाला १८ आटे असतात, म्हणजे पिच १.४१. पट्टीवर दहा अंतरं १४ च्या थोडं पुढे जातील, एम ८ ची साडेबाराला थांबतील. तीन सुतीचा प्रकार अधिक वाईट. त्याची जाडी ९.५ मिलिमीटर आणि इंचाला १६ आटे, म्हणजे पिच १.५९. तो दीड पिचच्या एम १० च्या भोकात ढिला ढिला बराच आत जातो, कारण बारीक आहे आणि पिचही जवळचं आहे. हाताला वाटतं बसला. आट्यांची पकड मात्र अर्धवटच असते आणि कसताना तो निसटतो.

आजच्या गाडीच्या इंजिनावर हे सुती बोल्ट मूळचे सहसा नसतात. कोणी तरी मधल्या दुरुस्तीत घातलेले असू शकतात, तेव्हा तपासावंच. जुन्या विलिज घराण्यातल्या जीपमध्ये किंवा अँबॅसिडरच्या १,४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात मात्र इंचाचे आटेच खरे. तिथे मिलिमीटरचा बोल्ट घालणं ही चूक. त्याच काळातली प्रीमियर पद्मिनी इटलीतल्या फियाटची लेक, म्हणून तिचे बोल्ट मिलिमीटरचे. ब्रिटिशांचा आणखी जुना आटा १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठरवला, त्याच्या दात्याचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आणि अमेरिकन आट्याचा कोन ६० अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, ही अडचण इतकी मोठी होती की १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बसून इंचाचा एकच सामाईक आटा ठरवला. जुनी गाडी नव्याने उभी करणाऱ्यांनी हा इतिहास मनात ठेवावा, एकाच गाडीत दोन काळांचे आटे भेटू शकतात.

लांबी: आखूड वाईट, लांब अधिक वाईट

लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजतात, डोकं धरत नाहीत. फक्त डोकं पृष्ठभागात बुडून सपाट बसणाऱ्या बोल्टची लांबी डोक्यासकट सांगतात. वायसर लांबीत येत नाही.

जुना बोल्ट हातात असेल तर लांबी उघड आहे. नसेल तर हिशोब करावा लागतो, आणि तो अवघड नाही. पोलादात बोल्टचे आटे किमान त्याच्या जाडीएवढे गुंतले पाहिजेत. ॲल्युमिनियम मऊ, म्हणून तिथे जाडीच्या दीडपट ते दुप्पट. एम ८ चा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाणार असेल तर १२ ते १६ मिलिमीटर आत हवा. समजा, जो भाग बसवायचा त्याची जाडी १२, वायसर २. बारा, दोन आणि सोळा, झाले ३०. आता भोकाची खोली मोजा. व्हर्नियरच्या मागून निघणारी बारीक काडी त्यासाठीच असते, नाहीतर सायकलची तार घालून नखाने खूण करा. खोली २२ निघाली, तर तळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवून बोल्ट जास्तीत जास्त ३३ चा चालेल. म्हणजे ३० चा घ्यायचा. दुकानात ३० संपलाय म्हणून ३५ चा देऊ केला तर घ्यायचा नाही.

हे निक्षून सांगतो, कारण लांब बोल्टचं नुकसान लगेच दिसत नाही. त्याचं टोक भोकाच्या तळाला टेकतं, पाना घट्ट लागतो, हाताला कळतं 'कसला'. प्रत्यक्षात डोकं अजून भागाला दाबतच नसतं. भाग सैल राहतो, गॅस्केटमधून, म्हणजे दोन भागांमधल्या गळती रोखणाऱ्या पातळ थरातून, पाणी किंवा ऑइल झिरपतं, आणि माणूस गॅस्केटला दोष देत बसतो. जोर लावत राहिलात तर तळाचा ओतीव धातू फुटतो. शिवाय इंजिनाची काही भोकं बाहेरून बंद वाटली तरी आत पाण्याच्या किंवा ऑइलच्या वाटेत उघडतात. तिथल्या बोल्टला मुळात सीलंट लावलेला असतो. बोल्ट काढताना आट्यांवर असा वाळलेला लेप दिसला तर नव्यालाही लावायला हवा.

बंद भोकात आणखी एक धोका लपलेला असतो. तळाशी ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर ते दाबलं जात नाही. बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा त्याच्यावर येतो, आणि द्रवाला जायला वाट नसली की ब्लॉकला चीर जाऊ शकते. भोकं हवेने किंवा कापडाने कोरडी करूनच बोल्ट घालावेत.

लांबीबरोबर हेही बघा की आटे पूर्ण लांबीभर आहेत की डोक्याखाली काही भाग गुळगुळीत आहे. दुकानात याला फुल थ्रेड आणि हाफ थ्रेड म्हणतात. काही ठिकाणी त्या गुळगुळीत भागावरच दुसरा भाग नेमका बसतो. तिथे फुल थ्रेड घातला तर ब्रॅकेट आट्यांवर घासत राहतं आणि भोक हळूहळू लांबट होतं. काही बोल्टचं टोक मुद्दाम बारीक आणि आट्यांविना ठेवलेलं असतं, भोक चटकन सापडावं म्हणून. ते टोक नसलं तर चालतं, पण मग लांबी धरताना ते वजा करा.

डोक्यावरचे आकडे

बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असं उठवलेलं असतं. पुष्कळांना ते माप वाटतं. ती ताकद आहे. ठिपक्याआधीच्या आकड्याला शंभराने गुणलं की दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताणावर पोलाद तुटेल ते मिळतं. ८.८ मध्ये ते ८००. ठिपक्यानंतरचा आकडा सांगतो की त्याच्या किती भागापर्यंत ताणलं तर बोल्ट परत मूळ लांबीला येईल: ०.८, म्हणजे ६४०. त्यापुढे तो कायमचा लांब होतो. १०.९ साठी हेच आकडे १००० आणि ९००.

ताणाचं बोलतो आहे कारण बोल्ट ही मुळात एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. कसताना आपण ती किंचित लांबवतो आणि ती परत आखडू पाहते, त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. ८.८ चा एम ८ नीट कसला तर तो साधारण दीड टन वजनाइतक्या जोराने दाब देतो. एवढा बारीक दिसणारा बोल्ट, आणि दीड टन. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इंजिनाकडे बघण्याची नजरच बदलली. आता त्याच्या जागी कुंपणाच्या जाळीसाठी विकला जाणारा, डोक्यावर काहीच नसलेला मऊ बोल्ट घातला तर तो तेवढी ओढ धरूच शकत नाही. लांबतो, ढिला पडतो, इंजिनाच्या थरथरीने एक दिवस तुटतो.

जपानी पद्धतीच्या बोल्टवर ठिपक्याचे आकडे नसून नुसते ४, ७ किंवा ९ असे अंक असू शकतात. ७ चा ८.८ च्या जवळपास समजून चालायला हरकत नाही. जुन्या इंचाच्या बोल्टवर आकड्यांऐवजी रेघा असतात: तीन रेघा म्हणजे मध्यम-कणखर, सहा म्हणजे त्याहून बरेच कणखर.

नियम असा की मूळ बोल्टवर जो अंक, तोच नव्यावर. कमी तर अजिबात नको. जास्तीचा घेतला म्हणजे जास्त सुरक्षित, हेही खरं नाही. काही जागी बोल्ट आधी तुटावा आणि महाग भाग वाचावा अशीच रचना असते, आणि ॲल्युमिनियमच्या भोकात १२.९ चा बोल्ट घालून त्याच्या ताकदीइतका कसला तर आधी आटे जातात. स्टेनलेस स्टीलचे चकचकीत बोल्ट मोह घालतात. नेहमी मिळणारा ए२-७० हा दर्जा ८.८ पेक्षा बराच कमी ताणाला कायमचा लांबतो, आणि ओलाव्यात ॲल्युमिनियमला चिकटून बसलेल्या भागात ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. एअर फिल्टरच्या डब्याला स्टेनलेस लावा, इंजिन माउंटिंगला नको.

कसण्याबद्दल थोडंच. पुस्तकात आकडा नसेल तेव्हा ८.८ साठी अंदाज म्हणून एम ६ ला १०, एम ८ ला २५, एम १० ला ५० न्यूटन मीटरच्या (पान्याने फिरवायच्या जोराचं माप) आसपास, आणि ॲल्युमिनियममध्ये त्याहून कमी. पान्यावर लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात. त्यामुळे कोरड्यासाठी दिलेला आकडा ऑइल लावलेल्या बोल्टला वापरला तर तो जास्त ताणला जातो.

जे सुटे घेऊच नयेत

सिलिंडर हेडचे बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, क्रँकच्या बेअरिंग कॅपचे, क्रँक पुलीचा मधला, फ्लायव्हीलचे. हे माप जुळलं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून घ्यायचे नाहीत. आजच्या अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट मुद्दाम त्यांच्या लवचीक हद्दीपलीकडे ताणतात: आधी ठरावीक न्यूटन मीटर, मग वरून ९० अंशांचा फेरा, काही ठिकाणी असा आणखी एक फेरा. असे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. पुन्हा घातले तर ते आधीच लांबलेले असतात. बदलायचे तेव्हा पूर्ण सेट, गाडीच्या कंपनीचाच.

एग्झॉस्ट मॅनिफोल्डचंही तसंच. तिथल्या उष्णतेत साधा झिंकचा मुलामा जळून जातो आणि नट पुढच्या वेळी निघत नाही. ऑइल काढायचा ड्रेन प्लग तर जणू वेगळ्याच घरचा: होंडात सहसा एम १४ आणि दीडचं पिच, टोयोटात बऱ्याचदा एम १२ आणि सव्वा. त्याच्या वायसरचं मापही त्याच्याबरोबर येतं.

भाग क्रमांक मिळाला तर यातला बराच शोध वाचतो. गाडीचा चेसिस नंबर सांगितला की सुट्या भागांच्या काउंटरवर चित्रासकट यादी निघते. आणि काही कंपन्यांच्या साध्या बोल्टच्या क्रमांकात मापच लिहिलेलं असतं. होंडाचा ९५७०१-०६०१६ असा क्रमांक बघा: मधले ०६ म्हणजे जाडी, ०१६ म्हणजे लांबी. पुठ्ठ्याच्या पाकिटावरचा निरर्थक वाटणारा आकडा असा वाचता यायला लागला की खरंच आनंद होतो.

जुना बोल्ट नसेल तेव्हा

हरवलेल्या बोल्टची भावंडं बहुधा तिथेच असतात. त्याच भागाचा शेजारचा एक बोल्ट काढा आणि त्याची जाडी, पिच, अंक टिपून घ्या. लांबी मात्र त्याच्यावरून धरू नका. टायमिंग कव्हर किंवा वॉटर पंपावर एकाच जाडीचे बोल्ट दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे असतात.

भावंडंही नसतील तर भोकालाच विचारायचं. व्हर्नियरच्या आतल्या जबड्याने भोकाचा व्यास मोजा. एम ६ चं भोक ५ च्या आसपास भरतं, एम ८ चं ६.७ ते ६.९, दीड पिचच्या एम १० चं साधारण साडेआठ. पिच बघायला मऊ लाकडाची काडी भोकाच्या कडेला दाबून बाहेर काढा, तिच्यावर आट्यांचे वळ उमटतात, ते पट्टीवर मोजता येतात.

भोकाबद्दल शंका धरायला जागा ठेवावी. आधी कुणी तरी आटे गेले म्हणून एम ६ च्या जागी एम ८ चे आटे पाडलेले असू शकतात. तसं असेल तर पुस्तकातलं माप तिथे लागू होत नाही. आटे गेलेलेच असतील तर हेलिकॉइल बसवतात: भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी तारेचं वेटोळं घालायचं, त्याच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे मिळतात. माझ्या अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचं भोक असंच दुरुस्त झालं, आणि ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा ते अधिक दमदार आहे.

आणलेला बोल्ट भाग न बसवता, नुसत्या भोकात, फक्त बोटांनी फिरवून बघा. पूर्ण खोलीपर्यंत सहज जायला हवा. गेला तर बाहेर काढा, भाग बसवा, मग पान्याने घट्ट करा. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर आधी भोक साफ करा, तरी अडला तर तो बोल्ट परत करा. पाना हातात घ्यायचाच नाही. बोल्ट वाकडा लागला म्हणून अडतोय असं वाटलं तर तो आधी उलट फिरवा. आट्याचं टोक आट्यावरून घसरून 'टक' असं खाली बसलेलं बोटांना जाणवतं. तिथून सुलट फिरवायला लागा.

दुकानात सांगायचं ते असं: "एम दहा, सव्वाचं पिच, चाळीस लांब, हाफ थ्रेड, आठ पॉइंट आठ, फ्लँजवाला." एवढं सांगितलं की दुकानदार उलट प्रश्न विचारत नाही, सरळ खोक्याकडे जातो. आणि देताना त्याने वजनात टाकून दिला तरी डोक्यावरचा अंक आणि बनवणाऱ्याचा शिक्का बघून घ्या, एकाच खोक्यात दोन प्रकारचा माल मिसळलेला असतो.

मी आता कुठलंही कव्हर उघडण्याआधी त्याचा आकार पुठ्ठ्यावर काढतो, बोल्टच्या जागी भोकं पाडतो आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवतो. शेजारी पेनने माप लिहितो. एक पुठ्ठा वॉटर पंपाचा आहे, एक टायमिंग कव्हरचा, एक अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा. शेवटच्यावर दोनदा अधोरेखित करून लिहिलं आहे: पिच १.२५.